किल्ल्यावरचे पन्नास हार

दिवाळीला ग्वाल्हेरला गेलं की भाऊबीज झाल्यावर एक दिवस मोकळा मिळतो. फराळाचा कंटाळा आलेला असतो, परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं असतं आणि पुण्याच्या ऑफिसचे फोन अजून सुरू झालेले नसतात. गेल्या दिवाळीत हा दिवस मी भाचीबरोबर किल्ल्यावर घालवला.

आदल्या रात्री ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं, "तिच्याशी जरा बोल. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये बॅक लागलीये. दोन दिवस धड जेवली नाही. इंजिनियरिंग आपल्याला जमायचं नाही, असं म्हणते."

भाची मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात त्याच पेपरची पुन्हा परीक्षा होती. हाच विषय मीही बीईला शिकलो आणि आज माझी नोकरी त्याच्यावरच चालते. कारखान्यांच्या बसगाड्यांनी कोणाला कुठून घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. म्हणून ताईला वाटलं, मामा दोन तास शिकवेल आणि काम होईल. मी तिला म्हटलं, "शिकवत नाही. सकाळी किल्ल्यावर नेतो."

सकाळी साडेसहाला चिटणीस की गोठमधून निघालो. ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमचं जुनं घर लष्करात आहे. लष्कर म्हणजे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला तो भाग. तळाचं शहर झालं, पण नाव तसंच राहिलं. सरदारांभोवती वसलेल्या वस्त्यांना इथे गोठ म्हणतात आणि फाळके बाजार, पाटणकर बाजार ही नावं आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी असतात. आमचे पणजोबा कधीतरी अशाच एका सरदाराच्या दप्तरात कारकून म्हणून आले आणि परत गेले नाहीत.

किल्ल्यावर जायला दोन वाटा. पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने गाडी वर जाते. पूर्वेच्या किला गेटने चालतच जावं लागतं, आणि ती चढण अंगावर येते. आम्ही किला गेटला रिक्षा सोडली. गुजरी महाल उजवीकडे ठेवून चढायला लागलो. भाची पुढे, मी मागे. तिच्या पाठीवर सॅक होती आणि सॅकमध्ये वही होती, हे मी पाहिलं होतं. माणूस विषयाला घाबरला तरी वही सोडत नाही.

लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे, वाटेच्या कडेला एक लहानसं देऊळ आहे. चतुर्भुज मंदिर. डोंगराच्या एकाच खडकातून कोरून काढलेलं, दहा माणसं उभी राहिली तर भरून जाईल एवढं. वर मानमंदिर बघायला निघालेले बहुतेक लोक त्याच्याकडे न बघताच पुढे जातात. शाळेत असताना मीही असाच गेलो असेन. आत भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा, प्रतिहार राजा भोजाच्या काळातला. त्यात २७० आणि ५० हे आकडे अंकांत कोरलेले आहेत आणि दोन्हींतलं शून्य आज आपण काढतो तसं छोटं वर्तुळ आहे. जगातलं हे सर्वांत जुनं शून्य नव्हे. कंबोडियात ६८३ सालच्या लेखात शून्य सापडलं आहे. पण भारतातल्या, तारीख पक्की ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक, म्हणून गणिताचे अभ्यासक दूरदूरून ते बघायला येतात.

शून्य बघून झालं की लोक निघतात. आकडे कशाचे आहेत ते सहसा कोणी विचारत नाही. मी भाचीला तेच विचारलं.

"कशाचे?"

"फुलांच्या बागेचे. देवळाला २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, फुलबागेसाठी. आणि माळ्यांनी रोज ५० हार द्यायचे, असं ठरवून दिलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तर आमच्या पेपरातलं गणित वाटतंय. इतकी जमीन, इतके हार."

मला हेच हवं होतं. देवळासमोरच्या पायरीवर बसलो आणि वही काढायला लावली. पुढचे आकडे शिलालेखातले नाहीत, मी मनाने घेतलेले आहेत, हे आधीच सांगतो. शिलालेखातली फक्त ५० हारांची अट ठेवली.

समजा माळी दोन तऱ्हेचे हार करतो. मोठ्या हाराला तीन ओंजळी झेंडू...

"मामा, त्या काळी झेंडू नव्हता. तो पोर्तुगीजांनी आणला. नाइन्थमध्ये वाचलंय."

बरं, कण्हेर. मोठ्या हाराला तीन ओंजळी कण्हेर आणि एक ओंजळ मोगरा. छोट्या हाराला एक ओंजळ कण्हेर आणि एक ओंजळ मोगरा. बागेतून रोज १८० ओंजळी कण्हेर आणि ८० ओंजळी मोगरा मिळतो. मोठ्या हाराचे ५ दाम येतात, छोट्याचे ३. हार देवळात गेला काय आणि बाहेर विकला काय, दाम तेवढेच. आणि देवळाची अट अशी की दोन्ही मिळून कमीत कमी ५० हार झालेच पाहिजेत. तर मोठे किती करावेत आणि छोटे किती?

तिने पटापट मांडलं. मोठे हार क्ष, छोटे य. कण्हेरीची अट, मोगऱ्याची अट, देवळाची अट. आलेख काढला, तीन रेषा आखल्या, मधला भाग रेघोट्यांनी भरला. पाच कोपऱ्यांची आकृती तयार झाली. मांडणीत तिला काहीही अडत नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"आता कोपरे तपासायचे."

"का? उत्तर मधे कुठे का नसेल?"

इथे ती थांबली. कोपरे तपासायचे हे तिला ठाऊक होतं, पण का ते कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "आकृतीच्या मधे कुठेही उभी राहा. तिथून अजून एक हार करायला जागा आहे ना? मग कर. पुढे सरकत राहा. कधीतरी भिंत लागेल. मग भिंतीला धरून चालत राहा, जोवर दाम वाढताहेत तोवर. जिथे दोन भिंती मिळतात आणि पुढे जाताच येत नाही, तो कोपरा. सगळ्या अटी सरळ रेषांच्या असल्या आणि मोबदलाही सरळ हिशेबाचा असला, तर सर्वांत चांगलं उत्तर एखाद्या कोपऱ्यावर सापडतंच."

तिने पाचही कोपरे तपासले. नुसते मोठे ५० हार: २५० दाम. नुसते मोठे ६०: ३००. मोठे ५० आणि छोटे ३०: ३४०. नुसते छोटे ८०: २४०. नुसते छोटे ५०: १५०. म्हणजे ज्याला जास्त दाम येतात तोच हार करत राहिलं तर ३०० वर अडकायला होतं. दोन्हींचा मेळ घातला की ३४०.

"हे सोपं आहे," ती म्हणाली. "मला बिग एम येत नाही. तिथेच माझा पेपर गेला."

आणि माझाही तिथेच गेला होता.

हे मी आजवर घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. सहाव्या सेमिस्टरला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये मला बॅक लागली होती. बाबांना तेव्हा नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. निकाल कसा लागला असं आईने विचारलं, तेव्हा मी "पास" एवढंच म्हणालो. पुन्हा परीक्षेची फी मित्राकडून उसनी घेतली आणि लायब्ररीत जातो असं सांगून पेपर देऊन आलो. पुढे नोकरी लागली आणि मार्कशीट कोणी पाहिलीच नाही. घरात मी कायम हुशार मुलगा राहिलो. त्या हुशारीची उदाहरणं ताईने भाचीला लहानपणापासून दिली असणार, हे पायरीवर बसल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सच में?"

"सच में. आता बिग एम बघू."

सिंप्लेक्स पद्धतीला सुरुवात करायला एक कोपरा लागतो. नेहमीच्या गणितात तो आयता मिळतो: काहीच करायचं नाही, शून्य मोठे, शून्य छोटे. पण इथे देवळाची अट आहे. शून्य हार चालणार नाहीत. मग निघायचं कुठून? म्हणून एक युक्ती काढली आहे. सुरुवातीला ५० खोटे हार दिलेत असं धरायचं. कागदी म्हणा. देवळाची अट कागदावर पुरी झाली. पण प्रत्येक खोट्या हाराला प्रचंड दंड ठेवायचा, इतका मोठा की त्याच्यापुढे सगळी कमाई फिकी पडेल. हा दंड म्हणजेच तो एम. मग पद्धत काय करेल? दंड चुकवण्यासाठी सर्वांत आधी खोटे हार काढून टाकेल आणि त्यांच्या जागी खरे आणेल. शेवटपर्यंत एखादा खोटा हार उरलाच, तर समजायचं की मुळात गणितालाच उत्तर नाही, अटी एकमेकींशी जुळत नाहीत.

तिने तक्ता मांडला. पहिल्याच फेरीत ५० खोटे हार गेले आणि ५० मोठे खरे हार आले. २५० दाम. दुसऱ्या फेरीत ६० मोठे, ३०० दाम. तिसऱ्या फेरीत कण्हेर थोडी वाचवून मोगऱ्याचे हार आले: ५० मोठे, ३० छोटे, ३४० दाम. तिने तिन्ही तक्ते आणि आकृतीतले तिन्ही कोपरे शेजारी ठेवून पाहिले. आकृतीवर बोट फिरवत ती एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेली.

"म्हणजे प्रत्येक तक्ता म्हणजे एक कोपरा?"

हो, एवढंच आहे. पण हे कळायला मला बीईनंतर पाच वर्षं लागली. आमच्या कॉलेजात फळ्यावर तक्ते यायचे, आम्ही ते उतरवून घ्यायचो. किल्ली स्तंभ कसा शोधायचा, किल्ली ओळ कशी शोधायची, भागाकार करून ती ओळ कशी बदलायची. दुसऱ्या तक्त्यात एक वजाबाकी चुकली की पुढचे सगळे तक्ते चुकायचे आणि आपण चुकलो हे कळायचा काहीच मार्ग नसायचा. पायाखाली कोपरा आहे हे ठाऊक असतं, तर चुकीच्या आकड्याने आकृतीबाहेर पडलो हे लगेच कळलं असतं.

निघताना मी तिला शेवटच्या तक्त्याची खालची ओळ वाचायला सांगितली. तिथे प्रत्येक अटीची किंमत आपोआप येते, जिला शॅडो प्राइस म्हणतात. मोगरा एक ओंजळ जास्त मिळाला तर २ दाम वाढतील. कण्हेर एक ओंजळ जास्त मिळाली तर १ दाम. आणि देवळाच्या अटीची किंमत?

"शून्य," ती म्हणाली. "आपण ८० हार करतोय. ५० ची अट असली काय, नसली काय, काही फरक नाही." मग हसून म्हणाली, "आणि एवढा सगळा बिग एमचा घोळ तिच्यामुळेच झाला!"

वर हत्ती पोळ ओलांडून मानमंदिरापाशी आलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. राजा मानसिंग तोमराच्या महालाच्या भिंतीवरचे निळे टाइल्स आणि पिवळ्या बदकांची रांग बघून झाली. मग पुढे कसं जायचं ते ठरवायचं होतं. किल्ला लांबट आहे, अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि कुठे कुठे अगदी अरुंद. पूर्वेच्या तटाला धरून गेलं की १०९३ सालचं सास-बहू मंदिर लागतं. मधल्या पठारावरून गेलं की तेली का मंदिर आणि सूरज कुंड. आधी तटाने गेलो. सास-बहूच्या कठड्यावरून खाली शहर पसरलेलं दिसतं. मग तिथून मधल्या रस्त्याला वळलो. चालता चालता मी तिला तिच्या विषयाची गोष्ट सांगितली, कारण पुस्तकात फक्त तक्ते असतात, माणसं नसतात.

१९३९ साली लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांटोरोविच या तरुण गणितज्ञाला प्लायवूडच्या उद्योगाने विचारलं की कोणतं लाकूड कोणत्या यंत्रावर चढवलं तर उत्पादन जास्तीत जास्त निघेल. त्याने त्यावर पुस्तिका लिहिली. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये एक प्रश्न मांडला: एका माणसाला वर्षभर पुरेसं पोषण मिळावं यासाठी कमीत कमी खर्चाचा आहार कोणता? ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक. त्याने अंदाजाने उत्तर काढलं, वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगने सिंप्लेक्स पद्धत काढली आणि तिची परीक्षा याच आहारावर झाली. हिशेबाच्या यंत्रांवर नऊ कारकून बसले आणि सगळ्यांचे मिळून सुमारे १२० दिवस लागले. उत्तर आलं ३९.६९ डॉलर. स्टिग्लरचा अंदाज फक्त २४ सेंटांनी चुकला होता.

"आणि आम्हाला तीन तासांत पाच प्रश्न," भाची म्हणाली.

तिच्या अभ्यासक्रमातल्या इतर पद्धतींचीही अशीच माणसं आहेत. असाइनमेंटच्या गणिताला जी हंगेरियन पद्धत वापरतात, ती हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. पण तिचा पाया कोनिग आणि एगरवारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामात होता, म्हणून त्याने नाव त्यांच्या देशाचं दिलं. या सगळ्या पद्धती ज्या गटात मोडतात त्याला डिटर्मिनिस्टिक म्हणतात. म्हणजे सगळे आकडे आधीच पक्के ठाऊक आहेत असं धरायचं. १८० ओंजळी कण्हेर म्हणजे १८०.

"आणि एखाद्या दिवशी फुलंच कमी आली तर?"

तो पुढच्या सेमिस्टरचा विषय. पण प्रश्न बरोबर आहे. माझ्या कामात रोज हेच होतं. सॉफ्टवेअरने काढलेला सर्वांत उत्तम मार्ग सकाळी सातला सुरू होतो आणि सव्वासातला कुठेतरी रस्ता खणलेला निघतो. पद्धत खोटी ठरत नाही. तिने आपण दिलेल्या आकड्यांचं उत्तम उत्तर दिलेलं असतं. आकडे देणं आणि अटी ठरवणं हे माणसाचं काम, ते यंत्रावर ढकलता येत नाही.

तेली का मंदिरापाशी पोचलो. हिरवळीवर बसलो आणि मी मुख्य गोष्टीवर आलो.

सिंप्लेक्स पद्धत कडेकडेने चालते, बुरुजावरून बुरुजावर. आपल्या गणितात पाच कोपरे होते. पण खऱ्या प्रश्नांत अटी हजारोंनी असतात, आणि कोपरे मोजायला बसलं तर आयुष्य पुरणार नाही. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या दोघांनी मुद्दाम एक तिरकं गणित रचून दाखवलं, ज्यात सिंप्लेक्स प्रत्येक कोपऱ्यावरून फिरते. तीस चलांचं असं गणित घेतलं तर कोपरे होतात शंभर कोटींहून जास्त. व्यवहारात ती बहुधा झटपट पोचते, पण कधी अडकेल याची हमी नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या खाचियानने हमी असलेली वेगळी पद्धत दिली, पण प्रत्यक्ष चालवायला ती फार संथ निघाली.

मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या एका तरुणाने, ज्याने अजून तिशीही गाठली नव्हती, तिसराच रस्ता काढला. कडेने जायचंच नाही. आकृतीच्या आतून जायचं. प्रत्येक पावलाला सगळी आकृती अशी ताणून घ्यायची की आपण मध्यावर आहोत आणि भिंती सगळीकडून लांब आहेत. मग जिकडे फायदा वाढतो तिकडे एक मोठं पाऊल टाकायचं, पण भिंतीला टेकायच्या आत थांबायचं. पुन्हा ताणायचं, पुन्हा पाऊल. अशा थोड्याच पावलांत उत्तराच्या कोपऱ्याजवळ पोचतो. या पद्धतीला हमीही होती आणि वेगही होता. त्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली. गणिताच्या पद्धतीची बातमी पहिल्या पानावर, असं किती वेळा होतं? पुढे कंपनीने पद्धतीचं पेटंट घेतलं तेव्हा गणिताचं पेटंट असू शकतं का यावर मोठा वाद झाला. पद्धतीचे काही धागे जुन्या कामांत आहेत, हेही लोकांनी दाखवून दिलं. पण या रस्त्याकडे जगाचं लक्ष वळलं ते त्याच्यामुळेच. १९८८ मध्ये त्याला फुल्करसन पुरस्कार मिळाला.

"नाव काय त्यांचं?"

"नरेंद्र करमरकर. आयआयटी मुंबईचे, मग कॅलटेक, मग बर्कलीला पीएचडी."

"मराठी?"

"मराठी. आणि जन्म कुठला, माहिती आहे? ग्वाल्हेरचा."

ती काही बोलली नाही. वही उघडून अभ्यासक्रमाचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचत गेली. ग्राफिकल, सिंप्लेक्स, बिग एम, ट्रान्सपोर्टेशन, असाइनमेंट. करमरकर कुठेच नव्हते. माझ्या वेळीही नव्हते. हे नाव मला पुण्यात कळलं, नोकरीत. सॉफ्टवेअरच्या पर्यायांत सिंप्लेक्सच्या खाली दुसरी पद्धत होती आणि ती कुठून आली हे शोधायला गेलो तर आपल्याच गावात येऊन पोचलो. अभ्यासक्रमाला दोष देत बसत नाही. करमरकरांची पद्धत हाताने सोडवायची म्हटलं तर तीन तासांत एक पाऊलही होणार नाही. पण नाव तर सांगता आलं असतं. वर्गातल्या साठ मुलांना एक वाक्य सांगितलं असतं, की या विषयातला एक मोठा रस्ता या गावात जन्मलेल्या माणसाने काढला आहे, तर तक्ते उतरवताना आमच्यातले दोघे-तिघे तरी मान वर करून बसले असते.

आणि सिंप्लेक्स जुनी झाली असंही नाही. आजची सॉफ्टवेअर दोन्ही बाळगतात. काही प्रश्नांना कडेने गेलेलं बरं, काहींना मधून. कोणता प्रश्न कुठून सोडवायचा, हे अनुभवाने कळतं.

उतरताना उरवाई घाटाने आलो. दोन्ही बाजूंच्या कातळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती, सगळ्यांत उंच मूर्ती पाहायला मान पार मागे टाकावी लागते. भाची अर्ध्या वाटेवर म्हणाली, "मामा, तुझ्या वेळी तू आजीला खोटं सांगितलंस, म्हणजे तुझ्या गणितात खोटा हार शेवटपर्यंत राहिलाच की."

मला उत्तर सुचलं नाही.

बाड्यावर येऊन बेडई आणि जिलबी घेतली, घरी नेली. ताई चहा ओतत होती. मी तिच्यासमोर बसून सांगून टाकलं. सहावं सेमिस्टर, ऑपरेशन्स रिसर्च, उसनी फी, सगळं. ताईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ठाऊक आहे. फीची पावती तुझ्या पँटच्या खिशात राहिली होती. धुवायला टाकताना आईला सापडली. ती म्हणाली, तो सांगेल तेव्हा सांगेल, आपण विचारायचं नाही."

तेरा वर्षं मी एक अट सांभाळत होतो, आणि तिची किंमत शून्य होती.

भाची दारात उभी राहून ऐकत होती. ताईला हे दिसलं असावं, कारण पुढचं वाक्य तिने माझ्याकडे बघत म्हटलं तरी माझ्यासाठी नव्हतं: "एका पेपरने कोणी बुडत नाही या घरात."

भाची दोन बेडया खाऊन वही घेऊन गच्चीवर गेली. संध्याकाळी खाली आली तेव्हा तिने स्वतः एक गणित रचून सोडवलं होतं. ताई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली किती, चिवडा किती, भाजणी आणि पोहे किती, आणि गॅसच्या शेगडीचे तास किती. तिच्या उत्तराप्रमाणे पोहे उरत होते आणि शेगडीचा तास सगळ्यांत महाग होता. ताईला तिने सांगितलं, "आई, दुसरी शेगडी घे. बाकी काही वाढवू नकोस." ताई म्हणाली, हे तर मला न मांडताही ठाऊक होतं. भाची म्हणाली, "पण आता मलाही माहीत आहे."

परीक्षा झाली आहे, निकाल अजून लागायचा आहे. पेपर देऊन आल्यावर तिने मला फोटो पाठवला. प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या भागावर पेन्सिलने काढलेली पाच कोपऱ्यांची आकृती, आणि एका कोपऱ्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं: इथे उभी आहे.

आपल्यापैकी कोणी ग्वाल्हेरला आलात तर किला गेटने चढा. चतुर्भुजाच्या देवळात शून्य बघा, पण ते बघून लगेच पुढे जाऊ नका. बरोबर कॉलेजात जाणारं कोणी असेल, तर पायरीवर दहा मिनिटं बसा आणि ५० हारांचं गणित मांडायला सांगा. झेंडू मात्र घालू नका.